नाट्यशिक्षणाचा दर्जा ठरवणार कोण?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. मराठी ग्रंथांची पारख करून त्यांना बक्षिसे देणे हे या कमिटीचे काम. एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालतो, तिच्या घरातले उरलेसुरले लुबाडतो आणि शेवटी डोळे उघडलेले ते नवरा-बायको शिकायला निघतात, असे हे नाटक. कमिटीने ते नामंजूर केले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवले आहे. हे नाटक छापून वाचकांच्या हाती पडायला जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली.

दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो तो विष्णुदास भाव्यांच्या १८४३ सालच्या 'सीतास्वयंवरा'च्या नावाने. त्याला सांगलीच्या राजाचा आश्रय होता. जोतीरावांच्या नाटकाला आश्रय सोडा, साधी पोचपावती मिळाली नाही. तेव्हा 'दर्जा' हा शब्द कानावर पडला की आम्ही आधी एकच गोष्ट विचारतो. कमिटीत कोण बसले आहे?

आज हा विषय काढण्याचे कारण एका तरुणाने दिले. तो आमच्या कचेरीत आला तेव्हा त्याच्या हातात सोनेरी काठाचे एक प्रमाणपत्र होते. त्याचे आजोबा आंबेडकरी जलशात ढोलकी वाजवायचे. आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगा गॅदरिंगमध्ये, भीमजयंतीच्या कार्यक्रमांत एकांकिका करायचा, लोक वाहवा करायचे. त्याला नट व्हायचे होते. आईने बचत गटातून कर्ज काढले आणि त्याने एका खासगी अभिनय वर्गात सहा महिन्यांच्या 'डिप्लोमा'ला नाव घातले. माहितीपत्रकावर 'मान्यताप्राप्त' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. मान्यता कोणाची, हे छापलेले नव्हते. सहा महिन्यांत तीन शिक्षक बदलले, नामवंत कलावंत म्हणून ज्यांचा फोटो होता ते एक दिवस येऊन तासभर बोलून गेले, आणि शेवटी हे प्रमाणपत्र हाती आले. समाजकल्याणच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तो गेला तर त्या संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नावच यादीत नाही.

आम्ही वर्गाला नोटीस पाठवली. त्यांच्या वकिलाचे उत्तर आले ते वाचण्यासारखे होते. आमचे पक्षकार ही शैक्षणिक संस्था नाही, कोचिंग क्लासही नाही, तो एक सर्जनशील उपक्रम आहे, सबब कोणताही नियम लागू होत नाही! पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हाला हसू आले. नंतर कायद्याची पुस्तके काढून बसलो आणि हसू मावळले. कारण त्या वकिलाचे म्हणणे बरेचसे खरे निघाले.

वाचकांनी थोडा धीर धरून हा कायद्याचा भाग समजून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठांना किंवा कायद्याने तो अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. 'डिप्लोमा' किंवा 'सर्टिफिकेट' कोणीही छापावे. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, वास्तुकला, औषधनिर्माण इत्यादींसाठी १९८७ चा तंत्रशिक्षण परिषदेचा कायदा आहे. त्याच्या व्याख्येत उपयोजित कला व हस्तकला आहेत, नाटक नाही. म्हणजे जाहिरातीचे चित्र काढायला शिकवणाऱ्या महाविद्यालयासाठी कायद्यात जागा आहे आणि माणसाचे शरीर, आवाज आणि मन घडवणाऱ्या नाट्यशिक्षणासाठी नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२४ च्या जानेवारीत कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणी करा, खोटी जाहिरात करू नका, मध्येच सोडणाऱ्याची उरलेली फी परत करा, अशा चांगल्या गोष्टी त्यांत आहेत. परंतु 'कोचिंग' या शब्दाच्या व्याख्येतूनच क्रीडा, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम वगळले आहेत. नाट्यशिक्षण हे ना तंत्रशिक्षण, ना कोचिंग. कायद्याच्या घरात त्याला खोलीच नाही, ते ओसरीवर उभे आहे.

आता याचा आपल्या समाजाशी काय संबंध? संबंध थेट आहे. महाराष्ट्रात खासगी व्यावसायिक शिक्षण संस्थांतील आरक्षणाचा कायदा २००६ साली झाला. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या प्रवेश व फी नियंत्रणाचा कायदा २०१५ साली झाला. या दोन्हींच्या मागे आपल्या लोकांचे लढे आहेत आणि घटनेच्या कलम १५ मध्ये त्र्याण्णवाव्या दुरुस्तीने घातलेले पाचवे उपकलम आहे. पण हे कायदे लागतात कोणाला? ज्या अभ्यासक्रमाला शासन किंवा सक्षम प्राधिकरण 'व्यावसायिक' म्हणून ओळखते त्यालाच. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते ती मान्यताप्राप्त संस्थेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच. म्हणजे मान्यता नाही तेथे आरक्षण नाही, शिष्यवृत्ती नाही, फीवर लगाम नाही आणि दाद मागायला दार नाही. सवर्ण श्रीमंताच्या मुलाचे यात फारसे बिघडत नाही. त्याचे पैसे बुडाले तर बाप दुसऱ्या वर्गात घालतो. बचत गटाचे कर्ज फेडणाऱ्या आईचे काय?

म्हणून अधिस्वीकृती, मूल्यांकन, मानके हे शब्द ऐकून आपण 'हा विद्वानांचा विषय' म्हणून पान उलटू नये. मान्यतेचा शिक्का ज्या दारावर बसतो त्याच दारातून संविधान आत जाते. शिक्का नसेल तर संविधान रस्त्यावर उभे राहते आणि आत फक्त पैसा आणि ओळखपाळख चालते.

आता ज्या संस्थांना मान्यता आहे त्यांच्याकडे वळू. विद्यापीठांत नाट्यविभाग आहेत. पुण्याचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी व लोककला अकादमी, आणि आपल्या जिव्हाळ्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. याच गावात मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक केले आणि खुद्द बाबासाहेबांनी ते पाहिले. याच विभागात रुस्तुम अचलखांब यांच्यासारख्या आपल्या माणसाने शिकवले, तमाशाचा अभ्यास उभा केला. खेड्यापाड्यांतली पोरे येथे आली, शिकली आणि नाटक-सिनेमात गेली. ही कमाई लहान नाही.

पण या विभागांचा दर्जा मोजतो कोण? १९९४ साली स्थापन झालेली नॅक ही परिषद. ती विद्यापीठाचे किंवा महाविद्यालयाचे एकत्रित मूल्यांकन करते, नाट्यविभागाला स्वतंत्र श्रेणी देत नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा विषयांत प्रत्येक अभ्यासक्रमाची वेगळी तपासणी करणारे एनबीए हे मंडळ आहे, नाटकाला तसे मंडळ नाही. त्यामुळे विद्यापीठाला 'अ' श्रेणी मिळाली म्हणून नाट्यविभागात तालमीला धड खोली आहे, दिवे आहेत, पूर्णवेळ शिक्षक आहेत असे समजण्याचे कारण नाही. अनेक ठिकाणी विभागाचा गाडा तासिका तत्त्वावरील शिक्षक ओढतात. महिनोन्महिने मानधन थकते आणि आपल्या समाजातले नेट-सेट झालेले तरुण त्यातच जास्त भरडले जातात. कायम जागा भरल्या नाहीत की बिंदुनामावली कागदावरच राहते, हे वेगळे सांगायला नको.

आणि मोजणारेही धुतल्या तांदळाचे नाहीत. चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने नॅकच्या एका पाहणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना अटक केली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण ज्यांनी इतरांना गुण द्यायचे त्यांच्यावरच ही वेळ यावी, यातून व्यवस्थेचे आरोग्य कळते.

नॅकचे सात निकष आहेत. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, पायाभूत सुविधा, विद्यार्थी साहाय्य, प्रशासन आणि संस्थेची मूल्ये. यादी वाचायला छान आहे. पण नाटकाच्या शाळेत अन्याय जेथे घडतो त्या जागा या यादीतून नीट दिसत नाहीत. प्रवेशाच्या वेळी ऑडिशन होते. तेथे बंद खोलीत तीन-चार जण बसतात, मुलगा पाच-दहा मिनिटे काही करून दाखवतो आणि निकाल लागतो. गुण कशाचे दिले? उच्चाराचे? कोणत्या उच्चाराचे? सदाशिव पेठेतला 'ण' आला नाही म्हणून मराठवाड्याच्या पोराचे गुण कापले असतील तर ते कोठे लिहून ठेवले आहे? पुढे विभागाचे नाटक बसते. नायक कोण झाला आणि नोकर, हवालदार, भिकारी कोण झाले? तीन वर्षांत एखाद्या विद्यार्थ्याला एकही मोठी भूमिका मिळाली नाही तर त्याची नोंद कोण घेतो? अभ्यासक्रमात कालिदास आहे, शेक्सपिअर आहे, गडकरी आहेत. फुले कोठे आहेत? अण्णा भाऊ साठे, प्रेमानंद गज्वी, दत्ता भगत हे मूळ प्रवाहात आहेत की 'दलित रंगभूमी' नावाच्या एका प्रश्नपत्रिकेत पाच गुणांपुरते? या प्रश्नांवर कोणी श्रेणी देत नाही.

प्रयोग करण्याचे स्वातंत्र्य हाही दर्जाचाच भाग आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडण्यात आला आणि विभागप्रमुखांसह विद्यार्थ्यांनाच अटक झाली. जेथे विद्यार्थी रंगमंचावर उभा राहण्याआधी पोलीस ठाण्याचा विचार करतो तेथे किती चौरस फुटांचे सभागृह आहे याला काय अर्थ आहे?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शिकवणार कोण? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शिक्षकांच्या पात्रतेची नियमावली केली. संगीत आणि नृत्य या विषयांत नेट किंवा पीएच.डी. नसलेल्या पारंपरिक कलावंतालाही सहायक प्राध्यापक होण्याची वाट ठेवली. तो नामवंत गुरूकडे शिकलेला असावा, आकाशवाणी-दूरदर्शनचा 'अ' श्रेणीचा कलावंत असावा, विषय समजावून सांगता यावा, एवढे पुरे. नाटकासाठीही अशीच वाट ठेवली. पण तेथे अट काय? त्या पारंपरिक वा व्यावसायिक कलावंताकडे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची किंवा तत्सम मान्य संस्थेची प्रथम वर्गातील पदवी किंवा पदविका असावी! वाचकांनी हा फरक पुन्हा एकदा वाचावा. गाण्यातल्या घराण्याचा गंडा बांधलेला शिष्य गुरूच्या नावावर प्राध्यापक होऊ शकतो. तमाशाच्या फडात जन्मलेला, बाप-आज्याकडून सोंगाड्याची बतावणी शिकलेला, चाळीस वर्षे रात्र-रात्र हजारोंच्या समोर उभा राहिलेला कलावंत होऊ शकत नाही. त्याच्या गुरूला आयोग गुरू मानत नाही.

हे मुद्दाम केले असे आमचे म्हणणे नाही. पण परिणाम कोणाच्या अंगावर पडतो? दादू इंदुरीकरांच्या सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाचे कौतुक मोठमोठ्या नाट्यपंडितांनी केले. विठाबाई नारायणगावकरांना सरकारने सन्मानित केले. फड चालवले कोणी? महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या स्त्री-पुरुषांनी. टाळ्या मिळाल्या, पुरस्कार मिळाले, शिकवण्याची खुर्ची मिळाली नाही. कला घ्यायची आणि कलावंताला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, ही गावगाड्याची रीत विद्यापीठाच्या नियमावलीत अशी जाऊन बसली. २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही योजना आली. त्यात औपचारिक पदवीची सक्ती नाही, पंधरा वर्षांचा अनुभव पुरतो, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. या दाराने किती तमासगीर आणि जलसाकार आत आले, हे प्रत्येक विद्यापीठाला माहितीच्या अधिकारात विचारायला हवे.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही हेच. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झाले. केंद्र सरकारच्या पैशावर चालते म्हणून तेथे आरक्षण आहे आणि ते हवेच. पण वर्षानुवर्षे प्रवेशाच्या जाहिरातीत एक अट असते. उमेदवार पदवीधर असावा आणि त्याने किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा द्यावा. पुरावा म्हणजे छापील पत्रिका, वर्तमानपत्राची कात्रणे, जाणकाराचे शिफारसपत्र. ज्याने वस्तीच्या चौकात पन्नास पथनाट्ये केली, ज्याने फडाच्या कनातीत दोनशे रात्री काढल्या, त्याच्याकडे पत्रिका कोठून येणार? याच विद्यालयाला २००५ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०११ साली संस्थेच्याच विनंतीवरून तो काढला गेला. देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या नाट्यशाळेला विद्यापीठी चौकट सोसवली नाही, यावरून एवढे कळते की विज्ञान-वाणिज्याच्या फुटपट्टीने नाटक मोजता येत नाही. नाटकासाठी नाटकाचीच फुटपट्टी बनवावी लागेल.

अशी फुटपट्टी इंग्लंडने बनवून पाहिली होती. १९७६ साली तेथे नाट्यप्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्यात नाट्यगृहांचे व वाहिन्यांचे मालक, 'इक्विटी' ही नट-नट्यांची युनियन आणि नाट्यशाळा असे तिघे एकत्र बसले. अभ्यासक्रम तपासायचे आणि पात्र असतील त्यांना अधिस्वीकृती द्यायची. यातली शिकण्याजोगी गोष्ट ही की कामगार संघटनेला परीक्षकाची खुर्ची होती. २०१२ साली ही परिषद 'ड्रामा यूके' नावाच्या नव्या संस्थेत विलीन झाली आणि २०१६ साली तीही बंद पडली. आता शाळांचा आपसातला महासंघ आहे. ऐच्छिक व्यवस्था बलवानांना नकोशी झाली की मोडते, हा त्यातून आम्ही घेतलेला धडा. म्हणून कायद्याचा आधार हवा.

दुसरा धडा अधिक कडू आहे. लंडनमधल्या एका नामांकित नाट्यशाळेच्या प्रमुखांनी २०१८ साली असे मत मांडले की वंशाच्या आधारे कोटा ठेवला तर दर्जा खालावेल. ओळखीचे वाक्य वाटते ना? मंडलच्या वेळी, २००६ साली, आणि कालपरवाही आपण हेच ऐकले. पुढे २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली आणि इंग्लंडच्या नाट्यशाळांतील कृष्णवर्णीय आजी-माजी विद्यार्थ्यांनी आपापले अनुभव उघड मांडले. त्यांच्या बोलीची चेष्टा, ठरावीक भूमिका, अपमान. काही मोठ्या शाळांना जाहीर माफी मागावी लागली आणि त्या प्रमुखांना पद सोडावे लागले. चाळीस वर्षे अधिस्वीकृती असलेल्या देशात हे घडले. निकषांत सामाजिक न्याय लिहिलेला नसेल तर शिक्का किती का चमकेना, आत वर्णभेद नांदतो.

आपल्यातलेच काही जण येथे आक्षेप घेतील. कलेला कसली मानके? 'सैराट'ची आर्ची कोणत्या शाळेत अभिनय शिकली? जलशाच्या शाहिरांना कोणी डिप्लोमा दिला होता? भीमराव कर्डकांना कोणत्या विद्यापीठाने मान्यता दिली होती? आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. रिंकू राजगुरूला एका जाणत्या दिग्दर्शकाने शोधले. तसे शोधणारे किती आहेत आणि न सापडलेली मुले-मुली किती आहेत? कर्डकांच्या जलशाला मान्यता बाबासाहेबांनी आणि लाखो लोकांनी दिली, हे खरे. पण त्या जलशांतले कितीजण म्हातारपणी मानधनाच्या अर्जासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवत मेले, हेही खरे. प्रतिभा शाळेत मिळत नाही. पण आवाज कसा टिकवावा, करार कसा वाचावा, प्रकाशयोजना, नेपथ्य, ध्वनी यांत पोट कसे भरावे, हे शाळेत मिळते. ते आपल्या मुलांना फुकटात किंवा माफक फीत मिळावे आणि सन्मानाने मिळावे, एवढीच मागणी आहे.

एक कबुलीही द्यायला हवी. आपल्या समाजातल्या पुढाऱ्यांनी संस्था काढल्या त्या अभियांत्रिकीच्या, बी.एड.च्या, नर्सिंगच्या. नाट्यविभाग किती जणांनी काढला? गावोगावी गायन पार्ट्या आहेत, भीमजयंतीला लाखोंचे कार्यक्रम होतात, पण त्यातला एक रुपयाही तरुण कलावंताच्या प्रशिक्षणावर जात नाही. 'युगयात्रा'चा वारसा सांगायचा आणि तालमीला खोली द्यायची नाही, हे बरे नव्हे.

म्हणून चळवळीने पुढील मागण्या घेऊन उभे राहावे असे आम्हाला वाटते.

पहिली, राज्य शासनाने नाट्य व प्रयोगकलांचे अभ्यासक्रम व्यावसायिक म्हणून अधिसूचित करावेत, म्हणजे आरक्षण, शिष्यवृत्ती आणि फी नियंत्रण आपोआप मागे येईल. फी घेणाऱ्या प्रत्येक अभिनय वर्गाची नोंदणी व्हावी. शिक्षकांची नावे, मान्यता कोणाची, फी परतीचा नियम हे दाराशी लावलेले असावे.

दुसरी, दर्जा ठरवणाऱ्या मंडळात नाट्यनिर्माते आणि प्राध्यापक यांच्याबरोबर रंगमंच कामगार, तमाशा व जलशाचे कलावंत, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांचे प्रतिनिधी कायद्यानेच असावेत. कोणाच्या मेहेरबानीने नकोत.

तिसरी, ऑडिशनचे गुण लेखी असावेत, त्याचे चित्रीकरण जपून ठेवावे, मागेल त्या उमेदवाराला गुण आणि कारणे द्यावीत. भूमिकावाटपाचा आणि शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रवर्गनिहाय हिशेब मूल्यांकनात मोजावा.

चौथी, आयोगाने नाटकाची अट संगीताच्या बरोबरीला आणावी. फडातला आणि जलशातला गुरू हा गुरू मानावा. २०२५ च्या जानेवारीत आयोगाने शिक्षक नेमणुकीच्या नव्या नियमावलीचा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला होता. अशा वेळी आपल्या संघटनांकडून किती हरकती गेल्या, हे आपण स्वतःला विचारावे.

पाचवी, बार्टीने स्पर्धा परीक्षांप्रमाणे नाट्य व चित्रपट संस्थांच्या प्रवेशपरीक्षांचेही प्रशिक्षण द्यावे. वस्तीत आणि फडात केलेल्या कामाचा दाखला पुरावा म्हणून ग्राह्य धरायला लावावा.

हे होईपर्यंत पालकांनी काय करावे? पैसे भरण्याआधी मान्यतेचे पत्र मागावे, माहितीपत्रक जपून ठेवावे, प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. फसवणूक झाली तर रडत बसू नये. मान्यता नसताना ती असल्याचे भासवणे ही सेवेतील त्रुटी व अनुचित प्रथा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका दंत महाविद्यालयाच्या प्रकरणात म्हटले आहे. शिकवणी वर्ग ग्राहक कायद्याच्या कक्षेत येतात असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० साली सांगितले आहे. मुलींच्या छळाची तक्रार असेल आणि वर्गात दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. जातीवरून अपमान झाला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहेच.

त्या तरुणाचे प्रकरण आम्ही ग्राहक आयोगात दाखल केले आहे. तारखा पडत आहेत. मधल्या काळात तो एका विद्यापीठाच्या नाट्यविभागाच्या ऑडिशनला गेला. परत आल्यावर आम्ही विचारले, काय झाले? तो म्हणाला, "सर, नाटक आवडलं त्यांना. पण भाषा सुधारा म्हणाले." आजोबांची ढोलकी ज्या भाषेत बोलायची ती त्याची भाषा. ती सुधारायची की मोजणाऱ्यांचे कान, हे ठरवणाऱ्या कमिटीत आपले माणूस बसले पाहिजे. १८५५ साली ते नव्हते. आज संविधान आपल्या हाती असताना ते नसेल, तर दोष फक्त कमिटीला देऊन चालणार नाही.

जय भीम!